पाठ झाले, पण समजले का? नफ्स, अक्ल आणि इल्म यांविषयी मुस्लिम तत्त्वज्ञांचा विचार

माणूस विचार करतो म्हणजे नेमके काय घडते? डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली गोष्ट 'इल्म' केव्हा होते? आणि शरीर मातीत गेल्यावर ते इल्म मिळवणारा 'मी' कुठे जातो? हे प्रश्न प्रत्येक श्रद्धावंत घरात कधी ना कधी निघतात. लहान मुले तर ते अगदी सरळ विचारतात. नवव्या शतकापासून बगदाद, बुखारा, तूस, कुर्तुबा आणि शिराज या शहरांतल्या मुस्लिम विचारवंतांनी याच प्रश्नांवर हजारो पाने लिहिली. त्यांची उत्तरे एकसारखी नव्हती. काही मतभेद इतके टोकाचे होते की एकाने दुसऱ्याच्या मतावर कुफ्रचा निर्णय दिला.

पण एका बाबतीत यातले बहुतेक जण एकमेकांच्या जवळ येतात. इल्म म्हणजे बाहेरून आणून कोठीत भरून ठेवायचे धान्य नाही. जाणण्याने जाणणारा स्वतः बदलतो. हा धागा हातात धरून आपण या चर्चेची ओळख करून घेऊ.

चार शब्द आणि त्यांचा गोंधळ

मराठीत आपण सरसकट 'आत्मा' म्हणतो. अरबीत मात्र नफ्स, रूह, कल्ब आणि अक्ल असे चार शब्द आहेत आणि ते चारही कुरआन व हदीसशी जोडलेल्या चर्चेत वारंवार येतात. (अक्ल हे नाम कुरआनात येत नाही, पण विचार करणे, समजून घेणे या अर्थाची त्याच धातूची क्रियापदे अनेकदा येतात.) कुरआनात नफ्सच्या तीन अवस्थांचा उल्लेख आहे. वाईटाकडे ओढणारी ती अम्मारा (सूरह यूसुफ), स्वतःला दोष देणारी ती लव्वामा (सूरह कियामह) आणि समाधान पावलेली ती मुत्मइन्ना (सूरह फज्र). रूहविषयी लोकांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना प्रश्न विचारल्याचा उल्लेख सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. रूह ही अल्लाहच्या आदेशाची बाब असून माणसाला ज्ञान थोडेच दिले गेले आहे, असा त्या उत्तराचा आशय. म्हणून काही उलमांनी रूहच्या चर्चेत फार खोल जाऊ नये असे सांगितले. इतरांनी मात्र विचार थांबवला नाही, फक्त मर्यादा ओळखून केला.

इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'च्या हृदयावरील भागात या चार शब्दांचा गुंता सोडवला आहे. त्यांच्या मते प्रत्येक शब्दाला दोन अर्थ आहेत. कल्ब म्हणजे छातीत डावीकडे असलेला मांसाचा गोळा. रूह म्हणजे हृदयातून निघून नसांवाटे अंगभर पसरणारी सूक्ष्म वाफ, घरात फिरवलेल्या दिव्याचा उजेड जसा कोपऱ्याकोपऱ्यात जातो तशी. नफ्स म्हणजे राग आणि वासना यांचे ठिकाण. अक्ल म्हणजे वस्तूंच्या स्वरूपाचे ज्ञान. हे झाले चार वेगवेगळे अर्थ. पण दुसरा अर्थ चारही शब्दांना समान आहे. तो म्हणजे माणसातले ते सूक्ष्म तत्त्व, जे जाणते, ज्याला आदेश दिला जातो आणि ज्याला जाब विचारला जातो. माणूस खरा तोच. वाचताना कोणता अर्थ चालू आहे हे न ओळखल्याने बरेच वाद निर्माण होतात, असे गझाली बजावतात.

मराठी वाचकाने आणखी एक भान ठेवायला हवे. 'आत्मा' या शब्दाबरोबर आपल्याकडे पुनर्जन्माची कल्पना सहज येते. या लेखातल्या नफ्समध्ये ती नाही. ती का नाही, याचा इब्न सीनाने दिलेला युक्तिवाद पुढे येईलच.

बगदादमधून सुरुवात

अब्बासी काळात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे मोठ्या प्रमाणावर झाली. खलीफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) यांच्या काळात या कामाला विशेष जोर आला. हुनैन इब्न इसहाक हे या पिढीतले सर्वात नावाजलेले भाषांतरकार. ते ख्रिस्ती होते, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण इल्मच्या व्यवहारात धर्म आड येत नव्हता. ॲरिस्टॉटलचा आत्म्यावरील ग्रंथ 'किताबुन्नफ्स' या नावाने अरबीत आला आणि पुढची अनेक शतके विद्वान त्यावर भाष्ये लिहीत राहिले.

याच सुमारास एक मजेशीर गोष्ट घडली. प्लोटिनस या तत्त्वज्ञाच्या लिखाणाचा काही भाग 'ॲरिस्टॉटलचे ईश्वरशास्त्र' या नावाने अरबीत फिरू लागला. त्यामुळे ॲरिस्टॉटल आणि प्लोटिनस यांचे विचार एकाच माणसाचे आहेत असे बराच काळ समजले गेले. आत्मा वरच्या जगातून आला आहे आणि त्याला तिकडे परतायचे आहे, हा सूर मुस्लिम तत्त्वज्ञानात आला त्याला हे पुस्तकही कारण आहे.

त्याचे अरबी भाषांतर तपासून सुधारणारे अल-किंदी (सुमारे ८०१ ते ८७३) यांना 'अरबांचे तत्त्वज्ञ' म्हणतात. अक्लवर त्यांची एक छोटी पुस्तिका आहे. सत्य कुठल्याही देशातून, कुठल्याही लोकांकडून आले तरी ते घ्यायला लाजू नये, ही त्यांची भूमिका होती. पुढच्या सगळ्या परंपरेचा पाया या भूमिकेवर उभा आहे.

फाराबी : मेण आणि ठसा

अबू नस्र अल-फाराबी (मृत्यू ९५०, दमिश्क) यांना 'दुसरे गुरू' म्हणत. पहिला गुरू म्हणजे ॲरिस्टॉटल. 'अक्ल' हा शब्द लोक किती वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात, याची यादी फाराबींनी केली. व्यवहारात आपण 'तो अकलवंत आहे' म्हणतो तेव्हा एक अर्थ असतो, धर्मपंडित वापरतात तेव्हा दुसरा, तर्कशास्त्रात तिसरा.

समजणे म्हणजे काय, हे सांगताना त्यांनी मेणाचा दाखला दिला. मेणावर ठसा उमटवला तर तो वरवर उमटतो, आत मेण तसेच राहते. आता अशी कल्पना करा की तो आकार मेणाच्या कणाकणात उतरला, इतका की मेण म्हणजेच तो आकार झाला. अक्लला एखादी गोष्ट खरोखर समजते तेव्हा असे घडते. ज्ञान मनाच्या पृष्ठभागावर चिकटत नाही, मन स्वतःच ते होते.

मग हे घडवून आणतो कोण? फाराबी म्हणतात, अंधारात डोळे असूनही दिसत नाही, सूर्य उगवल्यावर दिसते. तसेच माणसाच्या समजेला प्रकाश देणारी एक शक्ती आहे. तिला 'अक्ल-ए-फआल' म्हणजे सक्रिय बुद्धी म्हणतात. हे तत्त्व माणसाच्या डोक्यात नाही, त्याच्याहून वरच्या पातळीवर आहे. अनेकांनी त्याचा संबंध फरिश्त्याशी, जिब्रील (अ.) यांच्याशी जोडला.

इथेच फाराबींनी एक धक्कादायक निष्कर्षही काढला. ज्यांची अक्ल कधी जागीच झाली नाही, जे आयुष्यभर फक्त खाणे-पिणे आणि मानमरातब यांतच राहिले, अशा 'अज्ञानी नगरीतल्या' लोकांचे आत्मे शरीराबरोबर नाहीसे होतात, असे त्यांनी एका ठिकाणी लिहिले. म्हणजे विचार करणे हा फावल्या वेळचा छंद उरला नाही, मृत्यूनंतर उरायचे की नाही हे त्यावर ठरू लागले. हे मत आखिरतच्या श्रद्धेशी जुळत नाही, म्हणून पुढच्या काळात त्यावर कडक टीका झाली.

इब्न सीना : चाळीस वेळा वाचलेले पुस्तक

अबू अली इब्न सीना (९८० ते १०३७) यांचा जन्म बुखाराजवळच्या अफशना गावचा. दहाव्या वर्षी त्यांचे कुरआनाचे हिफ्ज पूर्ण झाले होते. त्यांनी स्वतः सांगितलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. ॲरिस्टॉटलचा अधिभौतिकशास्त्रावरचा ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला. तो तोंडपाठ झाला, पण त्यात काय म्हटले आहे ते कळेना. शेवटी हे पुस्तक समजण्याचा मार्गच नाही, असे मानून त्यांनी नाद सोडला. एके दिवशी दुपारी पुस्तकांच्या बाजारात एक दलाल एक छोटे पुस्तक घेऊन मागे लागला. मालकाला पैशांची गरज आहे, तीन दिरहमला घ्या, म्हणाला. ते फाराबींचे पुस्तक होते, त्याच ग्रंथाचा उद्देश समजावणारे. इब्न सीनांनी घरी येऊन वाचले आणि पाठ असलेला सगळा ग्रंथ एकाएकी उलगडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुक्र म्हणून गरिबांना भरपूर सदका दिला.

पाठ असणे आणि समजणे यांतले अंतर ज्याने असे स्वतः भोगले, त्यानेच पुढे समजण्याचे शास्त्र लिहिले. 'किताबुश्शिफा' या त्यांच्या प्रचंड ग्रंथातला नफ्सवरचा भाग या विषयातला सर्वात प्रभावी मजकूर ठरला.

त्यांच्या मांडणीत नफ्सच्या तीन पातळ्या आहेत. वनस्पतीची नफ्स अन्न घेते, वाढते, बीज तयार करते. प्राण्याची नफ्स याशिवाय पाहते-ऐकते आणि हालचाल करते. माणसाची 'नफ्स-ए-नातिका' म्हणजे विचार करणारी नफ्स या दोन्हींची कामे सांभाळून सामान्य सत्ये जाणते. प्राणी हा कुत्रा, ती मांजर असे पाहतो. 'प्राणी म्हणजे काय' हे फक्त माणूस विचारतो.

*आतली पाच इंद्रिये*

बाहेरची पाच इंद्रिये आपल्याला माहीत आहेत. इब्न सीना हकीम होते, त्यांनी मेंदूच्या पोकळ्यांमध्ये आतल्या पाच शक्तींची जागा सांगितली.

पहिली 'हिस्स-ए-मुश्तरक'. ती सगळ्या इंद्रियांची खबर एकत्र करते. पावसाचा थेंब पडताना आपल्याला रेघ दिसते. डोळ्यापुढे तर एका क्षणी एकच थेंब एकाच जागी असतो. रेघ जोडणारी शक्ती आतली आहे.

दुसरी 'खयाल'. वस्तू समोरून गेल्यावरही तिचे रूप जपून ठेवते.

तिसरी शक्ती ही रूपे तोडते आणि जोडते. सोन्याचा डोंगर किंवा उडणारा माणूस आपण कधी पाहिला नाही, तरी तो मनात उभा करता येतो तो हिच्यामुळे. ती अक्लच्या ताब्यात असेल तर तिला विचारशक्ती म्हणतात, ताब्यात नसेल तर नुसती कल्पना.

चौथी 'वहम', आणि ती इब्न सीनांची खास देणगी मानली जाते. मेंढीला लांडगा दिसतो. त्याचा रंग, आकार, आवाज हे इंद्रियांना कळते. पण त्याचे 'वैर' कोणत्या इंद्रियाला कळते? ते ना रंग आहे ना वास. तरी मेंढी पळते. हे वैर ओळखते ती वहम. माणसातही ती जबरदस्त काम करते. मधाचा रंग पित्तासारखा दिसतो म्हणून एखाद्याला मळमळते. हा मध आहे हे अक्ल सांगत असते, तरी हात पुढे जात नाही. माणसे अनेकदा अशी वहमच्या जोरावर चालतात आणि त्याला विचार म्हणतात.

पाचवी 'हाफिजा', स्मरणशक्ती. वहमने टिपलेले अर्थ ती साठवते.

*अक्लच्या पायऱ्या*

या पाचही शक्ती शरीराशी बांधलेल्या आहेत. अक्ल तशी नाही. तिच्या वाढीच्या पायऱ्या समजावताना इब्न सीना लिहिण्याचे उदाहरण घेतात. तान्हे बाळ लिहू शकत नाही, पण पुढे लिहू शकेल, ही पहिली पायरी, अक्ल-ए-हयूलानी. मुलाला कलम, दौत आणि अक्षरे कळली, ही दुसरी, अक्ल बिल-मलका. इथे माणसाला मूलभूत सत्ये कळलेली असतात, उदाहरणार्थ संपूर्ण वस्तू तिच्या भागापेक्षा मोठी असते. तिसरी पायरी कसलेल्या लेखनिकाची. तो आत्ता लिहीत नसेल, पण मनात येईल तेव्हा लिहील. ही अक्ल बिल-फेल. आणि प्रत्यक्ष विचार चालू असतो ती चौथी, अक्ल-ए-मुस्तफाद.

आता महत्त्वाचा मुद्दा. खयाल रूपे साठवते, हाफिजा अर्थ साठवते. मग अक्लची कोठी कुठे आहे? इब्न सीनांचे उत्तर असे की तशी कोठीच नाही. शुद्ध समज साठवता येत नाही. प्रत्येक वेळी नफ्स सक्रिय बुद्धीकडे वळते आणि समज नव्याने उजळते. मग शिकण्याचा उपयोग काय? ते म्हणतात, पहिल्यांदा शिकणे हे डोळ्याच्या उपचारासारखे आहे. डोळा बरा झाला की वस्तू सतत पाहत बसावी लागत नाही, हवी तेव्हा मान वळवली की दिसते. शिक्षक विद्यार्थ्याला वस्तू देत नाही, तो त्याची नजर बरी करतो.

याचा एक अनुभव सगळ्यांना येतो, तोही त्यांनी टिपला आहे. कुणी प्रश्न विचारला की उत्तराचे शब्द मनात जुळण्याआधीच 'हे मला माहीत आहे' अशी खात्री वाटते. मग बोलता बोलता मुद्दे एकामागून एक येतात, आणि समोरच्याला सांगताना आपल्यालाही ते सुटे सुटे कळत जातात. ती पहिली खात्री हीच समज. मुद्द्यांची यादी नंतरची.

काही माणसांना शिक्षकाशिवायही सिद्धांताचा नेमका दुवा चटकन सापडतो. याला ते 'हदस' म्हणतात. सगळी विद्या अखेर कुणाच्या तरी हदसमधूनच सुरू झाली, नाहीतर पहिल्या शिक्षकाला कुणी शिकवले असते? या शक्तीची सर्वोच्च अवस्था ते पैगंबरांमध्ये मानतात.

*हवेतला माणूस*

नफ्स शरीराहून वेगळी आहे हे कसे कळावे? इब्न सीना वाचकाला एक कल्पना करायला सांगतात. समजा, एक माणूस एकाएकी पूर्ण वाढ झालेला निर्माण केला गेला. त्याच्या डोळ्यांवर पडदा आहे. तो पोकळीत अधांतरी आहे, हवेचा स्पर्शही जाणवत नाही. हातपाय पसरलेले आहेत, एक अवयव दुसऱ्याला लागत नाही. त्याला ना जग माहीत, ना स्वतःचे शरीर. त्याला काही कळेल का? इब्न सीना म्हणतात, एक गोष्ट नक्की कळेल, 'मी आहे'. हात-पाय-हृदय-मेंदू यांतले काहीही माहीत नसताना 'मी' माहीत आहे. मग हा 'मी' त्या अवयवांपैकी नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी सतराव्या शतकात संशयातून 'मी'पर्यंत जाणारा युक्तिवाद मांडला, तेव्हापासून या दोघांची तुलना होत आली आहे. मात्र इब्न सीनांना संशय दूर करायचा नव्हता. ज्याची जाणीव आपल्याला सदैव असते पण लक्ष जात नाही, त्याकडे लक्ष वेधायचे होते.

यावरून मृत्यूचा प्रश्न येतो. त्यांच्या मते प्रत्येक नफ्स आपल्या शरीराबरोबर अस्तित्वात येते, आधी कुठे फिरत नसते. शरीर तिचे साधन आहे, साधन मोडले म्हणून कारागीर मरत नाही. ती स्वतंत्र व्यक्ती म्हणून उरते. पुनर्जन्म ते ठामपणे नाकारतात. शरीर तयार झाले की त्याला त्याची स्वतःची नफ्स मिळते. त्यात जुनी नफ्सही शिरली तर एका शरीरात दोन 'मी' होतील, आणि प्रत्येकाला तर आपण एकच असल्याचे जाणवते. शरीरासह पुन्हा उठवले जाण्याबद्दल 'शिफा'मध्ये ते म्हणतात की ते शरीअत आणि पैगंबरांच्या सांगण्यावरून मानायचे आहे, अक्ल सिद्ध करते ती फक्त आत्म्याची सुख-दुःखे.

गझाली : प्रश्न सिद्धतेचा

इमाम अबू हामिद गझाली (१०५८ ते ११११) बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक होते. त्यांनी आधी तत्त्वज्ञान नीट शिकून घेतले, त्याचा सारांश लिहिला आणि मग १०९५ मध्ये 'तहाफुतुल फलासिफा' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात वीस मुद्दे आहेत. तीन मुद्द्यांवर त्यांनी कुफ्रचा निर्णय दिला. जग अनादी आहे असे मानणे, अल्लाह प्रत्येक वस्तूला वेगवेगळे न जाणता केवळ सामान्य रूपाने जाणतो असे म्हणणे आणि शरीरासह पुन्हा उठवले जाणे नाकारणे, हे ते तीन.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. गझालींनी नफ्स नाकारली नाही. अठराव्या चर्चेत ते स्पष्ट करतात की नफ्स ही शरीराहून वेगळी आहे हे अल्लाहच्या सामर्थ्याबाहेरचे नाही, शरीअतच्या विरुद्धही नाही. त्यांचा आक्षेप एवढाच की हे केवळ अक्लच्या जोरावर, शरीअतची गरज न ठेवता सिद्ध केल्याचा दावा खोटा आहे. मग ते एकेक पुरावा घेऊन त्यातली फट दाखवतात. तर्कशास्त्राला मात्र त्यांनी हात लावला नाही, उलट ते न जाणणाऱ्याच्या विद्येवर भरवसा ठेवू नये असे म्हटले.

त्यांच्या आयुष्यातली एक अवस्था यामागे आहे. 'अल-मुन्किज मिनद्दलाल' या आत्मकथनपर पुस्तकात ते सांगतात की एकदा त्यांचा इंद्रियांवरचा विश्वास उडाला. सावली स्थिर दिसते, पण थोड्या वेळाने पाहावे तर सरकलेली असते. तारा दीनारएवढा दिसतो, पण गणित सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. इंद्रियांना अक्लने खोटे ठरवले. मग अक्लच्या वर आणखी एखादा न्यायाधीश असेल आणि तो अक्ललाही खोटे ठरवील तर? स्वप्नात सगळे खरेच वाटते, जागे झाल्यावर कळते. हा आजार सुमारे दोन महिने टिकला. तो कुठल्या युक्तिवादाने बरा झाला नाही, तर अल्लाहने हृदयात टाकलेल्या नूरने बरा झाला, असे ते म्हणतात.

म्हणून 'इह्या'मध्ये त्यांनी तलावाची उपमा दिली. तलावात बाहेरून पाच ओहोळांनी पाणी आणता येते, ती पाच इंद्रिये. पण ते ओहोळ बंद करून तळ उकरला, गाळ काढला, तर खालून झरा फुटतो आणि ते पाणी अधिक स्वच्छ असते. गाळ म्हणजे अहंकार, मत्सर, हाव. इल्मसाठी अक्लबरोबर हृदयाची सफाईही लागते, हा त्यांचा आग्रह.

गझालींच्या तरुणपणाची एक हकीकत चरित्रकार सांगतात. जुर्जानहून शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझालींनी विनवले, बाकी सगळे घ्या, पण माझ्या टिपणांची पिशवी द्या, त्यात माझे इल्म आहे. म्होरक्या हसला. पिशवी गेली की जे जाते ते इल्म कसले, असे म्हणून त्याने ती परत केली. गावी पोहोचल्यावर गझाली तीन वर्षे त्या टिपणांवर बसले. आज आपली पिशवी म्हणजे मोबाइल. त्या दरोडेखोराचा प्रश्न त्याला जास्तच लागू होतो.

अंदलूसमधले दोन आवाज

इब्न तुफैल (मृत्यू ११८५) यांनी हा विषय गोष्टीतून सांगितला. निर्जन बेटावर हय्य नावाचे मूल एका हरिणीच्या दुधावर वाढते. ते सात वर्षांचे असताना हरिणी मरते. तिचे डोळे, कान, पाय सगळे जागेवर आहेत, मग ती हाक का ऐकत नाही? मूल तिचे शरीर उघडून शोधते. हृदयातला एक कप्पा रिकामा सापडतो. जे तिथे होते तीच त्याची आई होती, हे शरीर नव्हे, हे त्याला कळते. तिथून त्याचा विचार आकाशापर्यंत आणि अखेर निर्मात्यापर्यंत पोहोचतो. ही कथा १६७१ मध्ये ऑक्सफर्डमधून लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाली आणि युरोपात खूप वाचली गेली.

इब्न रुश्द (११२६ ते ११९८) कुर्तुबाचे काजी, हकीम आणि 'बिदायतुल मुज्तहिद' या फिकहच्या नामांकित ग्रंथाचे लेखक. गझालींना त्यांनी 'तहाफुतुत्तहाफुत' लिहून उत्तर दिले. नफ्सच्या बाबतीत ते शेवटी एका अवघड जागी पोहोचले. शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला एकच सत्य समजते. ते दोघांत वेगवेगळे असेल तर दोघांना 'तेच' समजले असे कसे म्हणायचे? म्हणून त्यांनी मांडले की समज स्वीकारणारी अक्ल सर्व माणसांची मिळून एकच आहे. प्रत्येकाचे वेगळे असते ते त्याचे खयाल, त्याच्या आठवणी.

पण खयाल आणि आठवणी तर शरीराबरोबर जातात. मग कियामतच्या दिवशी जाब कुणाला विचारायचा? सगळ्यांची मिळून असलेली एक अक्ल उरून झैद किंवा अम्र यांचे काय? स्वतः इब्न रुश्द यांनी आखिरत हे धर्माचे मूलतत्त्व म्हणून मान्य केले, पण हे दोन धागे नीट जुळले का, हा वाद थांबला नाही. त्यांचे हे भाष्य लॅटिनमध्ये गेले तेव्हा युरोपातही वादळ उठले. थॉमस ॲक्वायनस यांनी १२७० मध्ये या मताविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि पॅरिसच्या बिशपने १२७० व १२७७ मध्ये त्यावर बंदी घातली.

शिराजपासून लखनौपर्यंत

इब्न रुश्दनंतर मुस्लिम तत्त्वज्ञान संपले, असे पुस्तकांतून वाचायला मिळते. ते खरे नाही. सुहरवर्दी (मृत्यू ११९१, हलब) यांनी 'इल्म-ए-हुजूरी'चा विचार मांडला. आपल्याला वेदना होते तेव्हा वेदनेचे चित्र मनात पाहून ती कळत नाही, ती थेट हजर असते. स्वतःची जाणीवही तशीच.

सतराव्या शतकात शिराजचे मुल्ला सद्रा यांनी या सगळ्या धाग्यांना एकत्र गुंफले. त्यांच्या मते नफ्स सुरुवातीला शरीरातूनच उगवते आणि वाढत वाढत शरीरापलीकडे जाते. जाणणारा आणि जाणलेले एक होतात. जो जे जाणतो आणि करतो, तेच त्याचे अस्तित्व बनत जाते आणि ते घेऊनच तो आखिरतमध्ये उभा राहतो. फाराबींचे मेण इथे पुन्हा दिसते, पण आता मेण वाढते आहे.

ही परंपरा हिंदुस्थानातही आली. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जाणारा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात सद्रांचे एक भाष्य शिकवले जाई आणि विद्यार्थी त्या पुस्तकालाच 'सद्रा' म्हणत. जौनपूरचे मुल्ला महमूद यांचे 'शम्स-ए-बाजिगा' हेही त्यात होते. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्लामी विचाराच्या पुनर्रचनेवरील व्याख्यानांत अल्लामा इकबाल यांनी हाच प्रश्न नव्या भाषेत विचारला. त्यांच्या मते अमरत्व हा आपला आयता हक्क नाही, 'खुदी' घडवून ते कमवावे लागते. ही व्याख्याने त्यांनी मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ इथे दिली होती.

आज याचा उपयोग काय?

मेंदूच्या पोकळ्यांत आतली इंद्रिये बसतात हे शास्त्र आता मागे पडले आहे. अक्ल-ए-फआलची कल्पनाही बहुतेकांना परकी वाटेल. पण चर्चेचा गाभा जुना झालेला नाही.

आपल्या घरांत पाठांतराला मोठा मान आहे आणि तो असायलाच हवा. इब्न सीना स्वतः हाफिज होते, गझालींनी तीन वर्षे देऊन टिपणे पाठ केली. या परंपरेत कुणीही स्मरणाला कमी लेखले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की स्मरण ही आतल्या पाच शक्तींपैकी एक आहे आणि ती अक्ल नव्हे. मूल मदरशातून आले किंवा दहावीच्या अभ्यासाला बसले, तर 'पाठ झालं का?' या प्रश्नानंतर आणखी एक प्रश्न विचारता येतो, 'मला समजावून सांगशील?' इब्न सीनांनी टिपलेला अनुभव तेव्हा घरातच दिसेल. सांगता सांगता मुलाला स्वतःलाच मुद्दे उलगडतील, किंवा कुठे अडते ते तरी कळेल.

दुसरी गोष्ट वहमची. एखाद्या माणसाचा चेहरा, पेहराव, नाव पाहताच मनात भीती किंवा वैर उठते, ती मेंढीची शक्ती आहे. आपल्याविषयी इतरांच्या मनात ती उठते तेव्हा आपल्याला अन्याय कळतो. आपल्या मनात इतरांविषयी उठते तेव्हाही तीच शक्ती काम करत असते. तिला अक्लच्या ताब्यात आणणे हे काम तत्त्वज्ञांनी आणि सूफींनी दोघांनीही माणसावर सोपवले आहे.

आणि तिसरी गोष्ट वाद घालण्याच्या रीतीची. गझालींनी तत्त्वज्ञांना उत्तर देण्याआधी त्यांचे म्हणणे इतके नीट मांडले की त्या सारांशाचे लॅटिन भाषांतर वाचून युरोपातल्या अनेकांनी गझालींनाच तत्त्वज्ञांचा अनुयायी समजले. विरोधकाची बाजू त्याच्याइतकी चांगली मांडता आल्यावरच तिला खोडायला बसायचे, ही सवयही इल्मचाच भाग होती.